घरातील समाईक गीत

शास्त्रभाग : स्तोत्रसंहिता १४८ : १२, १३



ह्या शास्त्रभागात स्तोत्रकर्ता परमेश्वराच्या स्तवनास कोणाकोणाला बोलावितो, हे पाहा. तरुण व कुमारी, वृद्ध व बालके, ह्या सर्वांस तो एकाच हाकेने पाचारण करतो. थोरांनी गावे आणि मुलांनी निजावे, असे तो म्हणत नाही. मुलांना खेळातले गाणे व थोरांना गंभीर गीत, अशी वाटणीही तो करीत नाही. परंतु जे गीत बापास रुचते ते चार वर्षांच्या लेकरास उमगत नाही, आणि जे लेकरास आवडते त्याचा बापास कंटाळा येतो, ही अडचण घरोघरी आहे. तेव्हा आईबापांनी व लहान मुलांनी मिळून आनंदाने गावे असे गीत कोणते, ह्याचा आज विचार करू.

प्रथम माझाच अपराध सांगतो. तुमच्या गावोगावचे पुष्कळ आप्त पोटासाठी मुंबईस येऊन राहिले आहेत. त्यांच्यातच, परळास, माझेही बिऱ्हाड आहे. आमच्या कुटुंबोपासनेत मी नेहमी एखादे सात-आठ कडव्यांचे, भाषेने जड असे गीत निवडीत असे. माझी धाकटी मुलगी दुसऱ्या कडव्यास जांभई देई व चौथ्यास झोपी जाई. एके सायंकाळी मी तिला रागावलो. नंतर काही दिवसांनी माझ्या सासूबाई नगर जिल्ह्यातून आल्या. त्यांनी पोथी उघडली नाही, की पेटी मागितली नाही. हाती टाळ घेऊन त्या एक लहानसे भजन म्हणू लागल्या. दुसऱ्या फेरीस तीच मुलगी टाळ्या वाजवून पालुपद म्हणू लागली, आणि तिसऱ्या फेरीस तिने मला दरडावून विचारले, “बाबा, तुम्ही का म्हणत नाही?” मी लज्जित झालो. दोष लेकराच्या भक्तीत नव्हता. माझ्या निवडीत होता.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. स्तोत्र १३६ उघडून पाहा. त्यात २६ वचने आहेत, आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी देवाच्या अक्षय दयेचे तेच ते शब्द येतात. वचनाचा पूर्वार्ध मात्र दर वेळी नवा : आकाश व पृथ्वी, सूर्य व चंद्र, मिसर देशातून सुटका, तांबडा समुद्र, अरण्यातील वाट. पूर्वार्ध समजण्यास वय व अनुभव लागतो. उत्तरार्ध तीन वर्षांचे मूलही म्हणू शकते. म्हणजे कडवे थोरांच्या मुखी आणि पालुपद लेकरांच्या मुखी. बापास त्यात विचारास जागा आहे व बाळास आवाजास जागा आहे. दोघेही एकाच गीतात आहेत. हीच समाईक गीताची खूण होय.

आमच्या महाराष्ट्राच्या मातीत ही रीत परकी नाही. जात्यावरची ओवी, पाळणा, अभंग, भजन, ह्या सर्वांत एकाने पुढे म्हणावे व इतरांनी मागे झेलावे, असा प्रघात आहे. लालबागच्या चाळीतून गणेशोत्सवाच्या दिवसांत जाताना मी पाहतो की, आरतीचे सर्व शब्द ज्याला येत नाहीत असे पोरही पालुपद आले की आजोबांपेक्षा मोठ्याने म्हणते. आपल्या शेजाऱ्यांची उपासना आपली नसली, तरी तीन पिढ्या एका तालात उभ्या राहतात हा धडा आपण घेण्याजोगा आहे.

आपल्या मंडळ्यांत आरंभीच्या काळी पुष्कळ गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असून ती विलायती चालींवर म्हणत असत. त्यांतील कित्येक आजही आपल्याला प्रिय आहेत. पण गावच्या म्हातारीचा व लेकराचा कंठ त्यांत सहज रमत नसे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म १८६१ साली झाला, व १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा ह्याच मुंबईत झाला. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत व भजनांत गाइली आणि शंभरांहून अधिक गीते आपल्या उपासनेस दिली. १९१९ साली ते प्रभूकडे गेले. ध्यानात ठेवा की, ज्यांच्या अभंगांवर विद्वान विचार करतात, त्याच कवीला महाराष्ट्र फुलांमुलांचा कवी म्हणतो. जो थोरांसाठी लिहितो तो लेकरांसाठी लिहू शकत नाही, हा समज त्यांनी खोटा ठरविला. म्हणून दूर शोधण्यापूर्वी घरातील ‘उपासना संगीत’ उघडा व ज्या भजनाचे पालुपद लहान आहे ते आधी घ्या.

कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, आता मोबाइलवर मुलांची हजारो गाणी आहेत, आम्ही गाण्याचे काय कारण?” त्याचे उत्तर मला लालबागच्या एका वृद्ध गिरणी कामगाराने दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यांचे काम गेले ते पुन्हा मिळाले नाही. ते म्हणाले, “पोरांना द्यायला हाती काही नव्हते. दिवे लागले की आम्ही पाच माणसे भजनास बसत असू. थोरला डब्यावर ठेका धरी, धाकटा नुसते पालुपद म्हणे. पोरांना त्या वर्षातली उपासमार आठवत नाही, भजन आठवते.” बंधूंनो, यंत्र गाणे ऐकविते, पण यंत्र बापाचा आवाज देत नाही. संकटाच्या रात्री मुलाला जो स्वर आठवेल तो आपला असावा, असे तुम्हांस वाटत नाही काय?

म्हणून काही साध्या गोष्टी करा. एका महिन्यात एकच नवे भजन घ्या. मुलांना तेच ते आवडते, त्याला कंटाळू नका. ठेका आठ मात्रांचा, टाळीवर धरता येईल असा असावा. सूर आईच्या गळ्याला सोसेल असा लावा, कारण बाळाचा कंठ तिच्याजवळचा असतो. बापाने खालच्या सप्तकात साथ करावी. लेकराच्या हाती चिपळ्या वा झांज द्या, व बेताल झाले तरी हिसकावून घेऊ नका. दहा मिनिटे पुरेत. आणि सुवार्तिकांनो, घरभेटीस जाल तेव्हा पालुपद आधी मुलांना शिकवा. आईबाप आपोआप मागे येतील.

शेवटी प्रभूच्या यरुशलेम-प्रवेशाकडे पाहा. मत्तय २१ व्या अध्यायाच्या ९ व्या वचनात वाटेवरचे लोकसमुदाय ‘होसान्ना’ असा गजर करतात. १५ व्या वचनात मंदिरातील मुले तोच गजर करतात. मुलांना तो कोणी बसून शिकविला नव्हता. थोरांनी वाटेवर जे मोठ्याने म्हटले, तेच लेकरांनी मंदिरात झेलले. थोर थांबले, पण मुले थांबली नाहीत. याजकांना राग आला. प्रभूला मात्र ती स्तुती गोड लागली. आपण आज घरात जे म्हणू, तेच आपली मुले उद्या देवाच्या मंदिरात म्हणतील. आपणच मुके राहिलो, तर त्यांनी काय झेलावे?

आकाशातील बाप आपणां सर्वांच्या घरी, थोरांच्या व लेकरांच्या मुखी, एकच नवे गीत घालो. आमेन.