झोपेतला श्वास आणि शेजारप्रीती



झोपेत घशाची वाट मिटून श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, त्या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. नाकावरील मुखवट्यातून हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र १९८१ साली ऑस्ट्रेलियातून पुढे आले. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना त्याने पुढचा झटका टळतो का, हे पाहण्यासाठी भारतासह सात देशांतील २,७१७ रुग्ण ‘सेव्ह’ चाचणीत सहभागी झाले. चिठ्ठी टाकावी तसे निम्म्यांना यंत्र मिळाले, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. २०१६ साली निष्कर्ष आला: घोरणे व दिवसाची पेंग कमी झाली, झटके मात्र कमी झालेले दिसले नाहीत.

मग त्यांचे श्रम वाया गेले का? आम्हांस तसे वाटत नाही. पुढच्या रुग्णाला खरे काय ते कळले, हेही दानच.

पण दान मोकळ्या मनाने द्यावे लागते. सोयगावहून मोठ्या दवाखान्यात गेलो की ‘डॉक्टरसाहेब म्हणतील तसे’ म्हणून आपण अंगठा देतो. ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा (क्र. २२९५) मात्र अशा प्रयोगासाठी समजून-उमजून दिलेली संमती मागते. म्हणून आधी विचारावे: मला यंत्र मिळाले नाही तर? इजा झाल्यास खर्च कोणाचा? मध्येच सोडता येईल ना? कायद्याने ती मुभा आहे.

उत्तरे समजल्यावर दिलेला होकार ही शेजारप्रीती. आणि नकार दिला तर ते पाप नव्हे.