पोथी आणि वेळापत्रक

श्रावणात पोथी वाचताना कोणी हाक मारली की मला राग येतो. यंदा असाच आमच्या शाळेचा शिपाई दाराशी आला. मुलाच्या फीची अडचण असावी. ‘वाचन चालू आहे,’ मी आतूनच सांगितले. तो गेला.

तेव्हापासून ऑक्सफर्डची ती ख्रिस्ती मंडळी मनातून हलत नाहीत. १७२९ साली जॉन व चार्ल्स वेस्ली हे भाऊ, विल्यम मॉर्गन आणि आणखी एक स्नेही नेमाने जमू लागले. नवा करार मूळ ग्रीकमधून वाचायचा, उपास पाळायचे, तासातासाचा हिशेब ठेवायचा. ‘मेथॉडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, हे नाव थट्टेतूनच पडले. (मास्तरांना ही थट्टा नवी नाही!)

कैद्याला भेटणे म्हणजे प्रभूलाच भेटणे, असे त्या करारात आहे. १७३० साली मॉर्गनने मंडळींना खरोखरच किल्ल्यातल्या तुरुंगात नेले. तिथे कर्जापायी डांबलेली माणसे होती. पुढे आठवड्यातून एकदोनदा जायचे ठरले.

शिस्तीने माणूस कोरडा होतो, असे पुष्कळजण म्हणतात. मला पटत नाही. त्यांनी शिस्त मोडली नाही. तिच्यातच कैद्यांना वार नेमून दिला. माझ्या वेळापत्रकात शिपायाला वार नव्हता.

तो अजून रोज वेळेवर घंटा देतो. त्या सकाळीविषयी आम्ही दोघेही बोललेलो नाही.