आधी भाकर, मग उपदेश



दारू सोडू पाहणाऱ्याला आपण प्रथम काय देतो? बहुधा उपदेश. पण वर्षानुवर्षांच्या दारूने शरीरातले थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, आटत जाते. ते फार घटले तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून डॉक्टर ते आधी सुईतून देतात. मग निर्धार ही केवळ मनाची बाब कशी? संत थॉमस अक्वायनस सांगतात, शरीर व आत्मा मिळूनच माणूस. खचलेल्या एलियालाही देवदूताने बोल लावला नाही. भाकर व पाणी दिले.

“कमाई उडवलीस, आता जेवण कसले?” असे आपण म्हणू नये. ताट हे बक्षीस नव्हे. वेळेवर वाढलेला डाळ-भात उपचाराची जागा घेत नाही. पण डळमळत्या निर्धाराला तो आपला हातभार आहे.