प्रसाद नाकारणारी माता

गेल्या संक्रांतीस आमच्या हातून एक प्रमाद घडला. तो नमूद केल्यावाचून या विषयावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. आरतीनंतर वडिलांच्या हाताखाली आम्ही तिळगूळ वाटीत होतो. कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने सिल्वासा येथे येऊन राहिलेल्या एका कुटुंबातील मातेने आपल्या लहानग्याचा पुढे आलेला हात मागे घेतला व "ह्याला शेंगदाणा चालत नाही," असे हळूच सांगितले. "देवाच्या प्रसादाने कधी कोणाचे वाईट झाले आहे काय?" असे म्हणून, तिची पाठ वळताच आम्ही मुलाच्या तळहातावर एक वडी ठेवली. तिच्यात दाण्याचे कूट होते. थोड्याच वेळात मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासास घरघर लागली. रुग्णालयात ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले म्हणून बालक वाचले.

हे लाडावलेल्या मुलाचे नखरे नव्हेत. एखाद्या अन्नातील प्रथिनास शरीर शत्रू मानते आणि त्याच्याशी झुंजताना स्वतःचाच घात करून घेते. अशा तीव्र प्रतिक्रियेचे वर्णन रिशे व पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली केले. त्या कार्याबद्दल रिशे यांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काही मुलांस पळीला लागलेला अंशही पुरतो. तेथे श्रद्धा हा उतारा नव्हे.

प्रसाद टाकल्याने अकल्याण होते, असे म्हणणारे सत्यनारायणाच्या कथेतील तुंगध्वज राजाकडे बोट दाखवितात. गोपांनी दिलेला प्रसाद त्याने टाकला आणि त्याचे शंभर पुत्र व वैभव नष्ट झाले. परंतु कथेने त्याचा दोष कोणता सांगितला? दर्प! गवळ्यांच्या पूजेपुढे नम्र होणे त्यास कमीपणाचे वाटले. त्या मातेच्या ठायी दर्प नव्हता. अनुभवाने आलेले भय होते. दर्प होता तो आमच्या ठायी. जिने त्या बालकाच्या उशाशी रात्री जागून काढल्या, तिच्याहून आपणांस अधिक कळते, असे आम्हांस वाटले.

कोणी म्हणेल, एका मुलासाठी परंपरा का मोडावी? शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला; आपल्या प्राचीन नैवेद्यात तो नव्हताच. तो वगळल्याने धर्माचे काही उणे होत नाही. मात्र एखाद्या बालकास दूधच वर्ज्य असते, आणि पंचामृतातून दूध वगळता येत नाही. म्हणून खरा नियम पदार्थाचा नसून देणाऱ्याच्या वर्तनाचा आहे: आधी विचारावे, प्रसादात काय आहे ते सांगावे, पळी व भांडे वेगळे ठेवावे, आणि ज्यास खाणे शक्य नाही त्याच्या हाती देवावरचे फूल तितक्याच आदराने द्यावे. २०२० च्या नियमांनुसार बंद पाकिटातील पदार्थात शेंगदाणा, दूध, गहू इत्यादी असल्यास तसे छापावे लागते. देवळातील परातीने पाकिटाहून कमी बोलावे, हे आम्हांस शोभत नाही.

आता आमचे वडील प्रसाद वाटण्यापूर्वी त्यातील जिन्नस मोठ्याने सांगतात. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी निःसंकोच बोलावे. त्यांस कोणी गर्विष्ठ म्हणणार नाही. ती माता मात्र अद्याप देवळात आलेली नाही. तिच्या घरी जाऊन क्षमा मागणे आमच्याकडून राहिले आहे. हे लिहून झाले म्हणजे ते कर्तव्य फिटले, असे आम्ही मानीत नाही.