संजयाच्या हातात बाण

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वर्कशॉपात लेथ रॉकेलनं पुसून काढतात. सकाळी चकला हळदकुंकू, टेलस्टॉकला झेंडूची माळ, पाटावर मायक्रोमीटर आणि व्हर्निअर मांडून त्यांच्यावर फुलं. कानडी कामगार आयुधपूजा म्हणतात, आम्ही खंडेनवमी म्हणतो. दारात फुटणारा कोहळा मात्र सामाईक. चिरमुरे-बत्तासे वाटून झाले की शटर खाली. बेळगावच्या उद्यमबागेत त्या दिवशी इतकी शांतता असते की अनगोळातल्या घरी बसून चुकल्याचुकल्यासारखं होतं.

2022 साली खंडेनवमी 4 ऑक्टोबरला आली होती. आदल्या दिवशी, अष्टमीला, जोधपूरला ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरं हवाई दलात दाखल झाली आणि नवरात्राचा मुहूर्त साधल्याचं संरक्षणमंत्र्यांनी मुद्दाम बोलूनही दाखवलं. त्याआधी 2019 मध्ये, ऐन ऋषिपंचमीला, पठाणकोटला अमेरिकी बनावटीची पहिली आठ अपाचे आली, तेव्हा त्यांच्यापुढंही नारळ फुटला होता. लोक याला हसतात. मला हसू येत नाही, कारण मीही लोखंडालाच कुंकू लावतो. माझा प्रश्न वेगळा आहे. लेथपुढं फुटणारा नारळ आणि अपाचेपुढं फुटणारा नारळ, दोन्ही एकाच देवाला पोचतात का?

आमच्या गल्लीतले सुभेदारमामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. त्यांना यात प्रश्नच दिसत नाही. “अरे, हत्यार पुजलं की ते ताळ्यावर राहतं,” म्हणतात. वाक्य मला आवडतं. पण ताळ्यावर राहायचं असतं ते हत्यारानं नव्हे, ते धरणाऱ्यानं. आणि हल्ल्याच्या या हेलिकॉप्टरांचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर धरणारा हात दर पिढीला मागं मागं सरकत गेलाय.

हल्ल्यासाठीच बांधलेलं पहिलं हेलिकॉप्टर म्हणजे अमेरिकेचं कोब्रा. 1967 साली ते व्हिएतनाममध्ये उतरलं. अंग जेमतेम तीन फूट रुंद, पुढं तोफा चालवणारा, त्याच्या मागं थोडा उंचावर पायलट. मारायचं तर जवळ जावं लागे, आणि जवळ गेलं की खालून गोळ्या येत. रशियानं मि-24 बांधलं ते आडदांड, पोटात आठ सैनिक बसवणारं. त्याचेच भाऊबंद मि-25 आणि मि-35 आपल्याकडं आले, आणि मि-25 शांतिसेनेबरोबर श्रीलंकेतही गेलं. अपाचेनं मात्र खेळच बदलला. पायलटच्या उजव्या डोळ्यासमोर एक भिंग असतं. तो मान वळवेल तिकडं पोटाखालची 30 मिलिमीटरची तोफ वळते. बघणं आणि नेम धरणं यांत फरकच उरत नाही. हेलफायर क्षेपणास्त्र आठ किलोमीटर जातं; अनगोळावरून सोडलं तर भुईकोट किल्ल्याच्याही पलीकडं. रात्री उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात माणूस दिसतो तो पांढरी आकृती म्हणून. चेहरा नाही.

प्रचंडची जन्मकथा कारगिलची. 1999 मध्ये तितक्या उंचीवर मि-35 चा उपयोग होईना, म्हणून मि-17 ला रॉकेटं लावून पाठवलं, आणि 28 मे रोजी त्यातलं एक पाडलं गेलं. म्हणून आपण हलकं, पावणेसहा टनांच्या आसपासचं, 2015 मध्ये सियाचिनवर उतरून दाखवणारं हेलिकॉप्टर बनवलं. अपाचे हवाई दलाकडं 22, लष्करासाठी आणखी 6 मागवलेली. प्रचंड आधी 15, आणि मार्च 2025 च्या करारात आणखी 156, किंमत 62,700 कोटी. आपण असे आकडे चढवत असताना जपाननं 2022 मध्ये आपली हल्ल्याची हेलिकॉप्टरं टप्प्याटप्प्यानं मोडीत काढून त्यांच्या जागी ड्रोन आणायचं ठरवलं. अमेरिकेनं 2024 मध्ये नव्या टेहळणी-हल्ला हेलिकॉप्टरचा कार्यक्रमच गुंडाळला. युक्रेनमध्ये रशियाची कामोव्ह-52 खांद्यावरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांनी पडली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या पिढीत बसायला माणूसच नको, असा हा कल आहे.

इथं मला गीता आठवते, आणि तीही सुरुवातीची. तत्त्वज्ञान नंतर येतं. आधी अर्जुन सारथ्याला सांगतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये ने, मला बघू दे. आजोबा दिसतात, गुरू दिसतात, आणि धनुष्य गळतं. ते गळलं नसतं तर पुढचे सतरा अध्याय झालेच नसते. म्हणजे धर्माचा प्रश्न चेहरे दिसले म्हणून उभा राहिला. आठ किलोमीटरवर, पांढऱ्या आकृतीपुढं, तो कसा उभा राहणार?

महाभारतात लांबून युद्ध पाहणारा माणूसही आहे. संजय. व्यासांनी दिलेल्या दृष्टीनं त्याला कुरुक्षेत्र दिसतं, पण त्याच्या हातात बाण नाही. तो फक्त सांगतो. बघणारा आणि मारणारा यांना व्यासांनी वेगळं ठेवलं होतं. ड्रोनच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाची दृष्टी संजयाची आहे, आणि बाणही त्याच्याच हातात दिलाय.

आमच्या गावाला हा वाद नवा नाही. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहून आलेल्या टिळकांनी एप्रिल 1916 मध्ये बेळगावातच होमरूल लीग उभी केली. त्यांचा कर्मयोगी समबुद्धीनं लढू शकतो. आठ वर्षांनी, डिसेंबर 1924 मध्ये, टिळकवाडीत काँग्रेस भरली. गांधींनी आयुष्यात एकदाच अध्यक्षपद घेतलं ते इथं. त्यांना गीतेतलं युद्ध माणसाच्या आतलं वाटे. माझं मत विचाराल तर लढाईपुरता मी टिळकांकडं. सीमेवर पोरं उभी असताना माझ्या अहिंसेचा खर्च त्यांनी का भरावा? पण टिळकांचा समबुद्धीचा माणूस समोरच्याला ओळखून लढतो. न बघता मारण्याला समबुद्धी म्हणता येत नाही.

आणि मी तरी कुठं बघतो? गेल्या वर्षी पुतण्या एक ड्रॉइंग घेऊन आला. बारीक बुश, टॉलरन्स काही मायक्रॉनचा, कोपऱ्यात नुसता पार्ट नंबर. आमच्या जिल्ह्यात विमानांचे भाग बनतात, तेव्हा असे कागद आमच्यासारख्या छोट्या गाळ्यांपर्यंतही फिरत येतात. फळाची आशा सोडून काम करावं, हे लहानपणापासून ऐकलंय. पण फळ कशाला लागणार हेच ठाऊक नसेल तर सोडायचं काय? व्यासांनी दृष्टी देऊ केली तेव्हा धृतराष्ट्र म्हणाला होता, आपल्याच लोकांचा संहार मला बघायचा नाही. पार्ट नंबर मला तीच सोय करून देतो.

सुभेदारमामांना हे पटलं नाही. “ध्रुव आणि प्रचंड, दोन्ही हेलिकॉप्टरांना शक्ती इंजिनच,” म्हणाले. “एक बर्फातून जवानाला उचलून आणतं, दुसरं रॉकेटं मारतं. तुझा बुश कुठल्यात बसला, कसं कळणार तुला?” याला माझ्याकडं उत्तर नाही. तरी पुतण्याला म्हटलं, दलालाला विचारून ये, कशात बसतो हा.

“काका, ऑर्डर जाईल.”

“विचार तर.”

दलालानं फोनवर सांगितलं, ‘एअरोस्पेस’. पुतण्यानं तेच जॉबकार्डावर लिहिलं. ते खोडून मी म्हटलं, हे उत्तर नाही, परत विचार. ऑर्डर अजून गेलेली नाही, आणि उत्तरही आलेलं नाही.