वाकून दिसणारं पाणी

विहिरीत पाणी किती आहे, हे आमच्या लहानपणी कुणाला विचारावं लागत नसे. काठावर जायचं, वाकायचं, बघायचं. शिमगा सरला की आतली एकेक पायरी उघडी पडू लागे. खालच्या पायऱ्या दिसायला लागल्या की आज्जा भाजीचा वाफा सोडून द्यायचा. म्हणायचा, "आता फकस्त माणसं आन् जनावरं." विहीर भावकीतल्या चार घरांची. पाणी आटतंय हे चौघांनाही दिसायचं. पाळीवरनं भांडणं व्हायची, पण खोटं कुणाला बोलता यायचं नाही.

मग 1972 चा दुष्काळ आला. विहिरींचे तळ उघडे पडले. पुढं गावोगाव खडकाला भोक पाडणारी यंत्रं आली, हापसे बसले, आणि वीज पोचली तसे शेतात बोअर आले.

हापशानं केलेलं भलं विसरून चालणार नाही. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं पाण्यात उतरत, आणि त्याच पाण्यातून नारू व्हायचा. पायातून हातभर जंत हळूहळू निघायचा, ऐन पेरणीत माणूस जाग्यावर बसायचा. 2000 साली भारत नारूमुक्त ठरला, त्यात हापशाचा वाटा मोठा. शिवाय उघडी विहीर म्हणजे सगळ्यांना खुली विहीर, असंही नव्हतं. पाण्याला हात लावायच्या हक्कासाठी बाबासाहेबांना 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. ज्या वस्तीत स्वतःचा हापसा आला, तिथल्या बायांचं वरनं कुणी पाणी ओतेल म्हणून ताटकळणं संपलं. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यानं हे आधी आठवावं.

मग बिघडलं कुठं? बोअरचं तोंड वीतभर, त्यात वाकून बघता येत नाही. आमच्याकडचा खडक काळा, बसाल्टचा. पाणी त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या फटींत राहतं. फटीला बांध कळत नाही. माझा बोअर दोनशे फूट, शेजाऱ्यानं चारशे घेतला, की माझं पाणी त्याच्याकडं जाऊ शकतं. मग मी पाचशे घेतो. आता तर घरात बसून मोबाईलवरनं मोटार चालू होते, शेताकडं जायचंही कारण उरलं नाही. प्रत्येकाला वाटतं, आपली सोय झाली. धोका तेवढाच असतो, फक्त जमिनीखाली गेलेला. कर्ज काढून घेतलेला बोअर फुफाटा ओकायला लागतो, तेव्हा तो एकदम वर येतो. आणि त्या दिवशी माणूस एकटा असतो.

दुष्काळ कुणाला चुकत नाही. तो सोसायचं बळ मात्र पाण्याचा हिशेब उघडा असला की येतं, असं मला वाटतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे करून दाखवलं. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद गावापुढं मांडायचा, त्यावरनं पिकं ठरवायची, आणि शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ते काही मोटेकडं परत गेले नाहीत. मोजायची साधनं त्यांनीही घेतली, पण आकडा चारचौघांत ठेवला.

नवं यंत्र घेताना आपण किंमत विचारतो, ताकद विचारतो. ह्यानं मी काय उपसतोय ते शेजाऱ्याला दिसेल का, हेही एकदा विचारावं. दिसत असेल तर तो भांडेल, हे खरं. पण भांडणारा शेजारी निदान विहिरीच्या काठावर तरी असतो.