कर्कश आवाजातला माणूस

१९९८ सालची गोष्ट. मला गुरुदीक्षा मिळून वर्षच झाले होते आणि वसई तालुक्यातील एका धर्मग्रामात मी सहाय्यक धर्मगुरू म्हणून रुजू झालो होतो. एके सायंकाळी एक विधवा माता धर्मगुरुनिवासात आली. पदराआड तिने एक कॅसेट आणली होती. सतरा वर्षांचा मुलगा रात्र रात्र कानाला वॉकमन लावून तीच ऐकतो, बोलत नाही, जेवत नाही, अशी तिची तक्रार होती. मुंबईच्या कुणा मित्राकडून मुलाने ती कॅसेट भरून घेतली होती. आतल्या कागदावर बॉलपेनने मोठ्या मेहनतीने एक नाव रेखाटले होते : ‘डेथ’. मरण. मी ती ऐकली नाही. ऐकण्याची मला गरजही वाटली नाही. गुरुविद्यालयातून ताजाच बाहेर पडलेला मी, सैतान, तरुणाई आणि पाश्चात्त्य संगीत या विषयावर मी त्या बाईंना पंधरा मिनिटे उपदेश केला आणि ती वस्तू घरात ठेवू नका असे बजावले. बाईंनी त्याच रात्री कॅसेट चुलीत घातली.

त्यानंतर अठरा वर्षांनी तो मुलगा मला पुन्हा भेटला. नोकरीनिमित्त आखातात असतो, सुटीवर आला होता. बोलता बोलता मीच तो विषय काढला, कारण तो माझ्या मनातून कधी गेला नव्हता. तो हसला आणि म्हणाला, “फादर, तुम्ही ती एकदा तरी ऐकायला हवी होती.” परत जाण्याआधी त्याने त्याच ध्वनिमुद्रणाची तबकडी मला आणून दिली. एक अट घातली : निदान तीनदा ऐकायची. मी पुष्कळ वेळा ऐकली. आता मी तिचा चाहता आहे असे लिहिले तर काही वाचक कपाळाला हात लावतील, याची मला कल्पना आहे.

त्या संग्रहाचे नाव ‘ह्यूमन’, म्हणजे मानवी. तो ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डेथ’ या वाद्यवृंदाचा सर्वस्व असलेला माणूस म्हणजे चक शुल्डिनर. १९६७ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला आणि फ्लोरिडात वाढलेला हा तरुण ‘ह्यूमन’च्या वेळी चोवीस वर्षांचा होता. तो नऊ वर्षांचा असताना त्याचा सोळा वर्षांचा थोरला भाऊ गेला. मुलाच्या मनातले दुःख हलके व्हावे म्हणून आईवडिलांनी त्याच्या हाती गिटार दिली. हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. एका घरात शोकमग्न मुलाला वाद्य देण्यात आले; दुसऱ्या घरात शोकमग्न मुलाच्या हातातले संगीत काढून घेण्यात आले, आणि ते माझ्या शब्दावरून. त्या मुलाचे वडील कॅन्सरने जाऊन तेव्हा चार महिनेच झाले होते. मला ते माहीत होते. त्या सायंकाळी ते मला आठवले नाही इतकेच.

प्रथम या संगीताचे स्वरूप सांगायला हवे. त्याला ‘डेथ मेटल’ म्हणतात. गाणारा गात नाही, घशाच्या तळातून गुरगुरतो. शब्द हाती छापील कागद असल्याशिवाय समजत नाहीत. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा एक स्वर उतरवलेल्या असतात, त्यामुळे नाद जड आणि काळोखा होतो. ढोलवादक दोन्ही पायांनी दोन ढोल इतक्या वेगाने वाजवतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कारखान्यात शिरल्याचा भास व्हावा. पहिल्या श्रवणाला मी डोके धरून बसलो. दुसऱ्या वेळी मी आमच्या चर्चचा जुना ऑर्गनवादक म्हणून ऐकू लागलो आणि मात्रा मोजू लागलो. तेव्हा मला घाम फुटला. आपण चार मात्रा धरून बसावे तर पाचवी येते. सम इथे येईल म्हणावे तर ती एक पाऊल पुढे सरकलेली असते. आणि चौघेही त्या सरकलेल्या जागी एकाच क्षणी येऊन उभे राहतात. पहिल्या गीताच्या आरंभी ढोल दुरून, वादळासारखे, हळूहळू जवळ येतात. ‘लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन’ हे गीत स्वच्छ, शांत तारांवर उघडते आणि मग त्यावर दगडांचा वर्षाव होतो. सारा संग्रह जेमतेम चौतीस मिनिटांचा आहे. त्यात आळशी असे एकही मिनिट नाही.

ढोलवादक शॉन रायनर्ट आणि दुसरा गिटारवादक पॉल मॅस्विडाल हे दोघे मायामीच्या ‘सिनिक’ या वाद्यवृंदातले, नुकतीच विशी गाठलेले. जॅझच्या नवीन प्रवाहावर त्यांचे प्रेम होते. तो हलका, चपळ हात त्यांनी या अवजड संगीतात आणला. रायनर्टच्या झांजांकडे लक्ष द्यावे : वादळ चालू असताना कुणीतरी खिडकीशी नाणी मोजत बसावे तसा तो बारीक नाद मागे चाललेला असतो. बास गिटार वाजवणारा स्टीव्ह डी जॉर्जिओ मूळ ध्वनिमुद्रणात जवळजवळ ऐकूच येत नाही. २०११ मध्ये ध्वनींची नव्याने जुळणी करून हा संग्रह पुन्हा काढण्यात आला तेव्हा त्याचे काम कानावर पडले. वीस वर्षे पायाचे दगड मातीखाली होते म्हणायचे. रायनर्ट २०२० मध्ये वारला.

आता मुख्य प्रश्न. मुद्दाम कुरूप केलेला आवाज सुंदर असू शकतो काय? गुरुविद्यालयात सौंदर्यशास्त्राच्या तासाला आम्ही संत थॉमस अक्वायनसची तीन लक्षणे पाठ केली होती : संपूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. परीक्षेत ती लिहून आम्ही गुण मिळवले. परंतु त्याच परिच्छेदात, पवित्र त्रैक्याविषयी लिहीत असताना, हा महापंडित एक वाक्य जाता जाता टाकून जातो. त्याचा आशय असा की एखादी प्रतिमा कुरूप वस्तूची असली तरी ती त्या वस्तूचे परिपूर्ण दर्शन घडवीत असेल तर तिला सुंदर म्हणतात. त्याच्याही सोळाशे वर्षे आधी ॲरिस्टॉटलने नोंदवले होते की प्रेतासारख्या ज्या गोष्टी प्रत्यक्ष पाहताना आपल्याला वेदना होतात, त्यांचे हुबेहूब चित्र मात्र आपण आनंदाने पाहतो. आपल्याकडे भरतमुनींनी आठ रसांत भयानक आणि बीभत्स यांना शृंगाराच्या पंगतीलाच बसवले. मरणाची भीती हा विषय असेल तर ती गोड गळ्याने गाणे ही एक प्रकारे खोटी साक्षच होईल. कॅन्सरचा रोगी भैरवीत कण्हत नाही.

हा युक्तिवाद मला पटतो. तरी तो पुरेसा नाही, हेही मला दिसते. फ्लोरिडातील टॅम्पा शहरात मॉरिसाउंड नावाचे ध्वनिमुद्रणगृह होते. ‘ह्यूमन’ तिथेच, स्कॉट बर्न्स या निर्मात्याच्या देखरेखीखाली मुद्रित झाला. त्याच्या आदल्या वर्षी, त्याच जागी, त्याच निर्मात्याच्या हाताखाली ‘डिसाइड’ या वाद्यवृंदाचा पहिला संग्रह तयार झाला होता. त्या नावाचा अर्थ देवहत्या, आणि त्यांच्या गीतांत आपल्या प्रभूची उघड निंदा आहे. तीच यंत्रे, तेच वेगवान ढोल, तसाच घसा. प्रमाणबद्धता तिथेही असेल. म्हणजे केवळ कौशल्यावरून निवाडा करता येत नाही. हा माणूस कशाकडे पाहतो आहे आणि का, हे विचारावेच लागते. ज्या पालकांना या संगीताची भीती वाटते त्यांची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

शुल्डिनर कशाकडे पाहत होता? १९८७ च्या त्याच्या पहिल्या संग्रहात भयपटांतले रक्त आणि मांसच आहे. विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराने भिंतीवर भुते काढावीत तसे. त्याचे मला काही कौतुक नाही. परंतु १९९० च्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’मध्ये तो आईच्या कोकेनच्या व्यसनाची शिक्षा घेऊन जन्मलेल्या अर्भकाविषयी लिहितो. ‘ह्यूमन’मध्ये प्रेते जवळजवळ नाहीशी होतात आणि जिवंत माणूस समोर येतो : एकमेकांना जोडून जन्मलेली जुळी भावंडे, दृष्टी नसलेल्याची स्वप्ने, मुखवट्याआडचा चेहरा. प्रेताकडून माणसाकडे अशी वाट चालणारे कलावंत थोडे. उलट दिशेने जाणारे पुष्कळ पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट. या वाद्यवृंदाच्या नावाच्या चिन्हात ‘टी’ हे अक्षर आधी उलट्या क्रूसासारखे काढलेले असे. १९९१ मध्ये ‘ह्यूमन’च्या आधी शुल्डिनरने ते चिन्ह स्वतःच सुधारले आणि ‘टी’ साधा, सरळ केला. आपल्या संगीताला धर्मविरोधाचा वास येऊ नये हे त्याचे एक कारण होते. त्या मुलाने बॉलपेनने काढलेले नाव मला अजून डोळ्यांपुढे दिसते. तोही ‘टी’ सरळ होता. मी तो पाहिला, पण वाचला फक्त शब्द.

हा संग्रह रागातून जन्मला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. १९९० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर जायला शुल्डिनरने ऐन वेळी नकार दिला आणि त्याच्या साथीदारांनी बदली माणसे घेऊन त्याच्या वाद्यवृंदाच्याच नावाने तो दौरा केला. परतल्यावर त्याने त्यांना दूर केले. यात सर्व दोष साथीदारांचा होता असे मला वाटत नाही; दिलेला शब्द त्यानेही मोडला होता. परंतु त्या संतापाचे त्याने काय केले ते पाहा : आपल्याहून अधिक निपुण वादक शोधले आणि आपल्या कलेची इयत्ता वाढवली. राग आल्यावर आपण काय करतो? मी तर पुढच्या रविवारच्या प्रवचनात टोमणे मारतो.

‘लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन’चा विषय आपल्या सर्व पालकांच्या, आणि धर्मगुरूंच्याही, कामाचा आहे. त्या वर्षांत अमेरिकेत संगीतावर खटले चालत होते. नेवाडा राज्यात १९८५ मध्ये दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या. त्याला ‘जुडास प्रीस्ट’ या वाद्यवृंदाचे गाणे कारण झाले असा दावा त्यांच्या कुटुंबांनी केला. १९९० मध्ये न्यायाधीशांनी निकाल वाद्यवृंदाच्या बाजूने दिला. शुल्डिनरचे गीत आवाजाला दोष देणाऱ्यांना उद्देशून आहे; मूळ कारण तुमच्या घराच्या अगदी जवळ असू शकेल, असे ते सुचवते. मुलगा न जेवता संगीत ऐकतो म्हणून जेवत नाही, की जेवण जात नाही म्हणून संगीत ऐकतो, हे मी त्या बाईंना विचारायला हवे होते.

‘सुइसाइड मशीन’ या गीताशी मात्र माझे भांडण आहे. १९९० मध्ये डॉ. जॅक केव्होर्कियन यांनी आपल्या यंत्राच्या साहाय्याने एका रुग्ण स्त्रीला मरण दिले आणि अमेरिकाभर वाद पेटला. शुल्डिनरचे गीत असाध्य दुखणाइताची बाजू घेते : दुसऱ्याची वेदना नाकारणे किती सोपे असते, असा त्याचा सूर आहे. जीवन देवाने दिले आहे आणि ते संपवण्याचा अधिकार यंत्राच्या कळीला नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण मी मानतो आणि शिकवतो. पण ते गीत ऐकल्यापासून ही शिकवण रुग्णाच्या खाटेशेजारी सांगताना माझा आवाज खाली येतो. बरोबर असणे आणि दुसऱ्याचे दुखणे आपल्याला दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या जोरावर मी बरीच वर्षे दुसरीपासून सुटका करून घेतली होती.

१३ मे १९९९ रोजी, बत्तिसाव्या वाढदिवशी, शुल्डिनरला कळले की आपल्या मेंदूच्या मुळाशी गाठ आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी चाहत्यांनी आणि वादकांनी वर्गण्या गोळा केल्या. तो अडीच वर्षे झुंजला, दुखण्यातही संगीत रचत राहिला आणि १३ डिसेंबर २००१ रोजी, चौतिसाव्या वर्षी वारला. ज्याने उभ्या आयुष्यात मरणाचे नाव लावून गायन केले, त्याने जगण्याची इतकी हाव धरावी, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून पाहा. इतर विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे मात्र काळोखातच संपते. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, आणि रात्रीच्या प्रार्थनेत आम्ही धर्मगुरू ते दर शुक्रवारी म्हणतो.

त्या मुलाला मी विचारले होते, “तू तेव्हा नेमके काय ऐकत होतास?” तो म्हणाला, “फादर, बाबा सहा महिने घरातच होते. रात्री भिंतीपलीकडून त्यांचे कण्हणे ऐकू यायचे. आई रडायची नाही, मग मी कसा रडणार? हेडफोन लावला की माझ्याऐवजी दुसरा कुणीतरी ओरडायचा. बाबा गेल्यावरही रात्री ते कण्हणे ऐकू येई, म्हणून ऐकत होतो.”

मागच्या वर्षी मी त्याच्या आईंना ख्रिस्तशरीर द्यायला घरी गेलो होतो. आता त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, कान मात्र शाबूत आहेत. प्रार्थना झाल्यावर त्यांनीच विचारले, “फादर, त्या कॅसेटीत होतं तरी काय?” माझ्या मोबाईलवर मी ‘कॉस्मिक सी’ लावले. त्यात शब्द नाहीत, गुरगुरणे नाही. नुसती वाद्ये, आणि मधेच सारे थांबून खोल पाण्यात उतरल्यासारखी एक शांतता. चार-साडेचार मिनिटे त्या छताकडे पाहत पडून राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, “हे मी चुलीत घातलं होय?”